छिद्रांचा हिशेब

विजेवर चालणारी जलशुद्धीकरणाची यंत्रे घरोघरच्या भिंतींवर चढण्यापूर्वी मराठी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक दुमजली स्टीलचा फिल्टर हमखास असायचा. पुष्कळ घरांत तो अजूनही आहे. वरच्या भांड्यात दोन-तीन पांढऱ्या कँडल, खालच्या भांड्याला तोटी. पंधरा-वीस दिवसांत कँडल पिवळट पडायच्या, पाणी थेंबाथेंबाने उतरू लागायचे आणि मग घरातले कोणीतरी जुना टूथब्रश घेऊन त्या नळाखाली घासायला बसायचे. घासल्या की पुन्हा पांढऱ्याशुभ्र. यात शास्त्रही अगदी बरोबर आहे. ती कँडल भाजलेल्या मातीची असते. घासताना मळाबरोबर तिचा एक पातळ थरही निघून जातो, आतली कोरी छिद्रे उघडी पडतात आणि पाणी वाहू लागते. कँडल थोडी थोडी झिजत जाते, पण काम करते.

कारखान्यांतही कँडल असते आणि तिचे नावही कँडलच. फरक इतकाच, की ती धातूची असते. मनगटाएवढी जाड, कधी हातभर तर कधी मीटरभर लांब, राखाडी रंगाची पोकळ नळी. हाताला बारीक पॉलिश कागदासारखी खरखरीत लागते. पाहणाऱ्याला वाटते, हा लोखंडी पाइपचाच तुकडा. पण एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने फुंकर मारा, ती नळीच्या भिंतीतून चहूकडे बाहेर पडते. त्या भिंतीचा तिसरा हिस्सा, कधी कधी निम्मा हिस्सा, निव्वळ पोकळी असते. औषधांच्या कारखान्यांत, खाद्यतेलाच्या, प्लास्टिकच्या, वायूच्या धंद्यात अशा सच्छिद्र धातूवाचून पान हलत नाही. गेली तीस वर्षे मी याच धंद्यात आहे. या कँडल बनवणे, कोणाला कोणती लागेल ते सांगणे आणि बिघडल्या म्हणजे जाऊन पाहणे, अशी तीन कामे मी केली. त्यांतले तिसरे सर्वांत जास्त शिकवून गेले.

धातूला एवढी बारीक भोके पाडतात कशी, असे लोक विचारतात. भोके पाडत नाहीतच. धातूची भुकटी घ्यायची आणि तिच्या कणांमध्ये जी जागा आपोआप राहते ती जपून ठेवायची, एवढीच युक्ती आहे. बुंदीचा लाडू डोळ्यांपुढे आणा. कळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात, पण मध्ये फटी राहतातच. लाडू फार आवळून वळला तर फटी नाहीशा होतात, सैल वळला तर ताटात विस्कटतो. ब्राँझच्या फिल्टरचे अगदी असेच असते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे गोल, मोहरीहूनही कितीतरी लहान मणी साच्यात ओततात, साचा हलवून ते नीट बसवतात आणि हवा लागू न देता ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत तापवतात. धातू वितळत नाही. पण इतक्या उष्णतेत कणांमधले अणू जागा सोडू लागतात आणि जिथे दोन मणी टेकलेले असतात तिथे दोघांना जोडणारी बारीकशी मान तयार होते. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे पाक न घालताही एकमेकांना धरून बसते, तसे काहीसे. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. लाडवाला पाक लागतो, इथे तोही लागत नाही.

स्टेनलेस स्टीलची गोष्ट जरा अवघड आहे. त्याची भुकटी पुष्कळदा वेड्यावाकड्या कणांची असते. चिवड्यातल्या पोह्यांसारखे ते एकमेकांत अडकतात, म्हणून ती आधी प्रचंड दाबाखाली दाबून तिची नळी घडवता येते. मग १२०० अंशांच्या पुढे-मागे भट्टी. स्टीलच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो अदृश्य पापुद्रा असतो, ज्याच्यामुळे ते गंजत नाही, तोच इथे कणांना जुळू देत नाही. तो घालवायला अत्यंत कोरडा हायड्रोजन किंवा निर्वात भट्टी लागते. वायूत थोडी जरी दमट हवा राहिली, तरी बाहेरून सुरेख दिसणारी आणि बोटाने चुरडणारी नळी हाती येते.

छिद्र केवढे हवे ते मणी केवढा घ्यायचा यावर ठरते. एकसारखे तीन गोल एकमेकांना टेकवून ठेवले, तर त्यांच्या मधल्या फटीतून जाऊ शकणारा सर्वांत मोठा गोल त्यांच्या व्यासाच्या सुमारे १५ टक्के असतो. हे भूमितीच सांगते. म्हणजे १०० मायक्रॉनच्या मण्यांमधली चिंचोळी वाट साधारण १५ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना करावी.

एक नमुना चांगला बनवणे आणि हजारो नग तसेच बनवणे यांत किती अंतर आहे, याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत भीषण दाखला दुसऱ्या महायुद्धातला आहे. अमेरिकेला अणुबाँबसाठी युरेनियमचा हलका भाऊ जड भावापासून वेगळा करायचा होता. युरेनियमचा वायू सच्छिद्र पडद्यातून सोडला, तर हलके रेणू किंचित लवकर पलीकडे जातात. किंचित म्हणजे किती, तर हजारात चार. म्हणून एकामागे एक असे सुमारे तीन हजार टप्पे उभारायचे ठरले. टेनेसी राज्यात ओक रिज येथे त्यासाठी के-२५ नावाची जी इमारत बांधली, ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची होती आणि तिची प्रत्येक बाजू अर्ध्या मैलाच्या घरात होती. इमारत उभी राहत होती, पण पडदा तयार नव्हता. तो वायू इतका जहरी, की निकेलसारखा एखादाच धातू त्यापुढे टिकावा. त्यातून छिद्रे ब्राँझच्या फिल्टरपेक्षा शेकडो पटींनी बारीक हवीत. पहिला पडदा सुचवणाऱ्या दोघांपैकी एक, एडवर्ड नॉरिस, हा घरसजावटीचा व्यवसाय करणारा माणूस. रंग फवारण्याच्या यंत्रासाठी त्याने धातूची बारीक जाळी शोधून काढली होती, तिथून हे सुरू झाले. दुसरा, एडवर्ड अ‍ॅडलर, रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा पडदा ठिसूळ निघाला आणि घाऊक बनवताना एकसारखा येईना. अखेर जानेवारी १९४४ मध्ये जनरल ग्रोव्हज यांनी, त्या पडद्यासाठी खास बांधलेल्या कारखान्यातली यंत्रे काढून निकेलच्या भुकटीच्या नव्या पडद्यासाठी तो पुन्हा सज्ज करण्याचा निर्णय घेतला. युद्ध ऐन भरात असताना! १९४५ च्या आरंभी के-२५ चालू झाले आणि त्या ऑगस्टमध्ये हिरोशिमावर जो बाँब पडला त्याच्या युरेनियमचा काही भाग त्या पडद्यांतून आलेला होता. ते पडदे नेमके कसे बनवत, हे अमेरिकेने आजही उघड केलेले नाही.

आमचा धंदा सुदैवाने साध्या कामांचा आहे. पण निवडीचा प्रश्न तोच: काय गाळायचे आहे आणि ते या धातूला खाईल काय?

ब्राँझ स्वस्त, हवेला आणि तेलाला उत्तम, पण अमोनियाच्या वाऱ्यालाही उभे करू नये. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर जो रेग्युलेटर असतो, त्याच्या तोंडाशी बहुधा शेंगदाण्याच्या डाळीएवढा ब्राँझचा एक सच्छिद्र तुकडा बसवलेला असतो. सिलिंडरमधला गंजाचा कण त्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये गोळीसारखा सुटून कशावर आदळला, तर ठिणगी पडू शकते. तो कण हा तुकडा अडवतो. तांब्याच्या जातीचे धातू ऑक्सिजनमध्ये सहजासहजी पेट घेत नाहीत म्हणून तिथे ब्राँझ. (अ‍ॅल्युमिनियमचे रेग्युलेटर पेटल्याच्या घटनांवरून १९९९ साली अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी इशारा काढला होता.) २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी घरांत सिलिंडर आले आणि काही घरांत आजारी वडीलधाऱ्यांसाठी ते आजही आहेत. त्यांना एवढेच सांगणे, की प्रवाह कमी येतो म्हणून तो तुकडा टोकरून काढू नका, आणि नट घट्ट बसतो म्हणून त्यावर खोबरेल किंवा मशीनचे तेल तर मुळीच सोडू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल म्हणजे सरपणच.

रसायनांच्या कारखान्यांत बहुधा ३१६ एल जातीचे स्टेनलेस स्टील लागते. ते चिवट खरे, पण त्याला क्लोराइडचे, म्हणजे मिठाच्या कुळाचे, वावडे आहे. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. स्टीलच्या पत्र्याला फक्त वरचा पृष्ठभाग असतो, सच्छिद्र नळीला मात्र आतल्या असंख्य फटींच्या भिंती असतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मोजला तर वरच्या पृष्ठभागाच्या कितीतरी पट भरेल. म्हणून ज्या द्रवात पत्रा दहा वर्षे टिकतो, त्यात त्याच स्टीलची कँडल वर्षभरात भुसभुशीत होऊ शकते. जिथे क्लोराइड टळत नाही तिथे टायटॅनियम किंवा निकेलच्या महागड्या मिश्रधातूंकडे जावे लागते आणि खरेदी खात्याचा चेहरा पडतो.

आता छिद्राच्या मापाबद्दल. इथे सामान्य बुद्धी फसवते. मोठे छिद्र म्हणजे जास्त प्रवाह आणि कमी तुंबणे, असे वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. छिद्र कणापेक्षा लहान असेल तर कण बाहेरच अडतो, त्याच्यावर दुसरा, तिसरा असे करून थर साठतो आणि पुढे हा थरच गाळण्याचे काम करतो. उलट्या दिशेने दाब दिला की थर पापडासारखा सुटून पडतो. पण छिद्र मोठे असेल तर बारीक कण आत शिरतात, नागमोडी वाटेत कुठेतरी अडकतात आणि उलट्या दाबालाही बाहेर येत नाहीत. दाराबाहेर थांबलेल्या पाहुण्याला निरोप देणे सोपे, घरात येऊन पाय पसरलेल्याला नव्हे.

हे सारे ज्याच्यामुळे मला लिहावेसे वाटले ते प्रकरण असे. काही वर्षांपूर्वी कोकणपट्टीतल्या एका रसायन कारखान्यातून बोलावणे आले. औषधाचा कच्चा माल बनवताना तिथे मिथेनॉलमध्ये हायड्रोजनची क्रिया करत. उत्प्रेरक म्हणून कोळशाच्या भुकटीवर चढवलेले पॅलेडियम. हे पॅलेडियम सोन्याच्या पंक्तीत बसणारे, तेव्हा ते गाळून पुन्हा वापरायचे. त्यासाठी एका बंद भांड्यात सहा कँडल होत्या. द्रव बाहेरून आत जातो, काळी भुकटी बाहेर राहते, मग नायट्रोजनचा उलटा झटका देऊन ती ओलीच पुन्हा क्रियेकडे पाठवतात. सारे काही झाकणाआड, माणसाचा हात लागायचे कारण नाही. आणि लागूही नये, कारण हायड्रोजन प्यायलेला हा काळा लगदा सुकला आणि हवा लागली की आपोआप धुमसू लागतो. शेजारी मिथेनॉलची वाफ असतेच.

त्या कारखान्यात भांडे सहा महिन्यांनी उघडायचे, असा मूळचा बेत होता. ते दर आठ दिवसांनी उघडावे लागत होते.

मी कँडल भिंगाखाली पाहिल्या. छिद्रे ४० मायक्रॉनच्या जातीची होती. उत्प्रेरकाचे बहुतेक कण २०-३० मायक्रॉनचे आणि त्यात ५ मायक्रॉनच्या आतबाहेरची पुष्कळ धूळ. एवढी मोठी छिद्रे का निवडली, याचे उत्तर कागदपत्रांत सापडले. ५ मायक्रॉनच्या कँडल घेतल्या असत्या तर तेवढ्याच प्रवाहाला बारा लागल्या असत्या, भांडेही मोठे करावे लागले असते. ४० मायक्रॉनमध्ये सहांत भागत होते. निवड करणाऱ्याने प्रवाहाचा हिशेब केला होता, कणांचा केला नव्हता. मळ विरघळणारा असता तर निदान धुऊन निघाला असता. पण कोळसा कशातही विरघळत नाही. आत गेला तो गेला.

दुसरी गोष्ट भिंगाखाली दिसली ती मला आधी उमगेना. कँडलच्या बाहेरच्या अंगावर छिद्रेच दिसत नव्हती. भिंतीला लांबी भरावी तसा धातूचा एक चकचकीत लेप पसरला होता. ज्याच्याकडे धुण्याचे काम होते तो कंत्राटावरचा पंचविशीतला मुलगा होता. त्याला विचारले, "काय रे, या साफ कशाने करतोस?"

"तारेच्या ब्रशने, साहेब. दोन-दोन तास घासतो एकेक. घरच्या कँडलीपण मीच घासतो ना, आई म्हणते, चकाकली पाहिजे."

मातीची कँडल घासली की थर झडून छिद्र उघडते. धातू झडत नाही, तो पसरतो. तारेच्या प्रत्येक फटकाऱ्याने छिद्राचा काठ आत ढकलला जातो आणि तोंड मिटते. पोराने इमानाने दोन-दोन तास खपून दर आठवड्याला कँडल थोड्या थोड्या मारल्या होत्या. जितक्या जास्त घासल्या तितक्या लवकर तुंबत, आणि जितक्या लवकर तुंबत तितक्या जास्त घासल्या जात. नियमपुस्तिकेत धुण्याबद्दल एकच वाक्य होते, "नियमितपणे स्वच्छ कराव्यात." कशाने, कोणत्या दिशेने, किती वेळ, काही नाही.

मला बोलावणे आले ते यामुळे नव्हे. त्याआधी पंधरा दिवस, भर दुपारी, त्याने कँडल काढून फरशीवर ठेवल्या होत्या. खाडीवरून वारा होता. कडेचा लगदा सुकला. मिथेनॉलची ज्वाळा फिकट निळी असते, उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्याने हात पुढे केला तेव्हा तिथे आग आहे हे त्याला हात भाजल्यावर कळले. उजवा हात कोपरापर्यंत. मी गेलो तेव्हा पट्टी होती, पण तो कामावर आलेला होता, कारण घरी बसलेल्या दिवसांचे पैसे कंत्राटदार देत नव्हता. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले होते: कामगाराने हातमोजे घातले नव्हते. घातले नव्हते हे खरेच, पण ज्या भांड्याचे झाकण सहा महिन्यांनी उघडायचे ते तो आठवड्याला उघडत होता. त्या अपघाताचा आरंभ, माझ्या मते, सहा की बारा हे ज्या टेबलावर ठरले तिथे झाला होता. अहवालात मी तसे लिहिले. ते वाक्य गाळावे असा निरोप आला, मी गाळले नाही.

अखेर बारा कँडल बसल्या. येतानाच प्रत्येकीची बुडबुड्यांची चाचणी घेतली. ही चाचणी मला फार आवडते, कारण तिला फारशी यंत्रे लागत नाहीत. कँडल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातच आडवी बुडवायची आणि आतून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा. द्रव छिद्रांत चिकटून बसलेला असतो. सर्वांत मोठ्या छिद्रातला तो सर्वांत आधी हटतो आणि तिथून पहिला बुडबुडा येतो. १० मायक्रॉनच्या छिद्राला जवळजवळ ९० सेंटिमीटर उंच पाण्याइतका दाब लागतो, ५ मायक्रॉनला त्याच्या दुप्पट. बुडबुडा ठरल्यापेक्षा आधी आला की समजावे, कुठेतरी तडा आहे किंवा जोडाशी वेल्डिंग फसले आहे. बारांतली एक अशी निघाली आणि परत गेली.

धुण्याची रीत भिंतीवर मराठीत लावली. आधी मिथेनॉलनेच, नेहमी आतून बाहेर. मग पाणी, तेही क्षार काढलेले, बोअरचे नाही. कोकणातल्या खारट पाण्यात कँडल रात्रभर ओली राहिली तर सकाळपर्यंत क्लोराइड आपले काम सुरू करते. मग ध्वनिलहरींच्या टाकीत, चष्म्याच्या दुकानात चष्मा धुतात तशी, म्हणजे फटीतला कण हलून सुटतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आवारातही आणायचे नाही. गंज किंवा क्षार बसले असतील तरच सौम्य नायट्रिक, आणि तेही मिथेनॉलचा मागमूस पाण्याने गेल्यावरच, कारण त्या दोघांची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. घासायचे कशानेही नाही. लगदा कधी सुकू द्यायचा नाही. आणि दर धुण्यानंतर कोऱ्या द्रवाचा ठरावीक प्रवाह सोडून दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वहीत लिहायचा. हा आकडा दर वेळी थोडा थोडा चढत गेला, तर कँडल म्हातारी होते आहे. एकदम उतरला तर आनंद मानू नये, ती फुटली आहे.

वही त्या मुलाकडेच दिली. सुरुवातीला सही करायला लाजत असे. वर्षभराने मी गेलो तेव्हा त्याने पान उघडून सातव्या नंबरच्या कँडलवर बोट ठेवले आणि म्हणाला, "साहेब, हिचा आकडा बाकीच्यांपेक्षा लवकर चढतोय. हिच्या तोंडाशी द्रव जोरात आदळतो का बघा." पाहिले तर खरोखरच येणाऱ्या पाइपचे तोंड नेमके सातव्या नंबरसमोर होते. मध्ये एक आडवी पट्टी लावून काम भागले. तो अजून कंत्राटावरच आहे. उजव्या हाताची कातडी नीट आली, मात्र मूठ पूर्ण मिटत नाही.

जुन्या सहा कँडल भंगारात जाणार होत्या. स्टीलच्या भावाने त्यांचे फारसे काही आले नसते, त्यातून भंगारवाला वजनावर घेणार आणि त्यात पोकळीच जास्त. मी म्हटले, थांबा, यांच्या पोटात वर्षभराचे पॅलेडियम अडकले आहे. मग त्या मौल्यवान धातू परत काढून देणाऱ्या एका शुद्धीकरणवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडून जो धनादेश आला त्यातून नव्या बारा कँडलची बरीचशी किंमत सुटली, असे मला नंतर कोणीतरी सांगितले. खरेखोटे खरेदी खाते जाणे.